सावडीचा बैल

पार्वतम्मा उठली तेव्हा अंगणातला अंधार नुकता विरळ होऊ लागला होता. तिने चूळ भरली, देवळीतली विभूती कपाळावर ओढली, गळ्यातले लिंग तळहातावर घेऊन क्षणभर डोळे मिटले आणि मग ती गोठ्यात शिरली. शेण पाटीत भरून उकिरड्यावर टाकले. रात्रीच्या पावसाने गव्हाणीपाशी राड झाली होती, तिथे चुलीतली राख पसरली. कडब्याची पेंडी कोयत्याने तोडून तिने बसव्यापुढे घातली आणि त्याच्या वशिंडावरून हात फिरवला. बैल अंगाने भरला होता. कामावाचून भरलेले ते अंग तिच्या हाताला बरे लागले नाही.

गोठा दोन बैलांना पुरेल एवढा होता. पण बसव्या मध्यभागी कधी उभा राहत नसे. उजव्या भिंतीला अंग घासत, डावीकडे आणखी एका बैलाची जागा सोडून तो उभा राही. ही सवय सावडीतली होती. इकडे एक बैल, बांधापलीकडे रावजीच्या गोठ्यात एक बैल, कवड्या. दोघांचे मिळून एक औत, आणि त्या एका औतावर दोन्ही घरांची राने नांगरली जात, पेरली जात. जुवाला उजवीकडे बसव्या, डावीकडे कवड्या, असे वर्षानुवर्षे चालले होते. गेल्या माघात ती सावड मोडली. पण बैलाला ते कोणी सांगितले नव्हते.

चूल पेटवून तिने परातीत पीठ घेतले. दोन भाकरी थापून झाल्यावर हाताने आपोआप तिसरा उंडा मोडून घेतला. तिने तो परत परातीत ठेवला. हेही रोजचेच होते.

तव्यावर पाणी फिरवत असतानाच बांधापलीकडे घुंगूरमाळ वाजली.

बसव्याने तोंडातला कडबा तसाच ठेवून मान वर केली. कान पुढे वळले, आणि दाव्याला ओढ देत तो एकदा हंबरला. पार्वतम्माचा ओला हात तव्यावरच राहिला, तो चटका बसला तेव्हा तिने उचलला. कवड्याची माळ. शिपायांनी रावजीला नेले त्या दिवशी त्याच्या बायकोने, बजाबाईने, ती बैलाच्या गळ्यातून काढून खुंटीला अडकवली होती. तेव्हापासून ती वाजली नव्हती.

रावजी सुटून आला होता.

*

माघातल्या त्या पहाटेचे सारे तिला आठवत होते. फक्त एक गोष्ट सोडून.

ज्वारी हुरड्यावर आली होती. दोन्ही रानांच्या मधल्या बांधावर राखणीचा एकच माळा होता, त्यावर एक रात्र तिचा नवरा शिवलिंगप्पा जाई, एक रात्र रावजी, आणि कोणाला अडचण असली की तिचा दीर चन्नवीर. माळ्यावर रावजीची काळी, तांबड्या कडेची घोंगडी पडून असे. ज्याची पाळी असेल तो ती पांघरे. त्या पहाटे धुके दाट होते. पार्वतम्मा एका हातात खापरीतला विस्तव आणि काखेत भाकरीचे फडके घेऊन माळ्याकडे निघाली होती. घोंगडीची खोळ डोक्यावर घेतलेला एक माणूस बांधावरून ओढ्याच्या दिशेने जाताना तिने पाहिला. तिने हाक मारली नाही. हाक मारण्यासारखे काही नव्हतेच. मग ती माळ्याखाली आली आणि तिच्या हातातून खापरी पडली. शिवलिंगप्पा पालथा होता. डोक्यामागचा फेटा काळा झाला होता, आणि सांडलेल्या निखाऱ्यांनी शेजारचे पाचट धुमसू लागले तरी तो हलत नव्हता.

पोलीसपाटील आबासाहेब आले तेव्हा ती एवढेच म्हणाली होती, "घोंगडीवाला वढ्याकडं गेला."

चन्नवीरने तिच्याजवळ बसून विचारले होते, "वैनी, घोंगडी कुनाची?"

"रावजीची."

"मग वढ्याकडं कोन गेला?"

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. त्यांनीही तेच विचारले, आणि ती "रावजी" म्हणाली. त्यात खोटे बोलण्यासारखे तिला काही वाटले नाही. पेरणीला आधी कोणाचे रान धरायचे यावरून रावजीचे आणि शिवलिंगप्पाचे वाजले होते, हे साऱ्या गावाला माहीत होते. आधी शिवलिंगप्पाचे पेरून झाले, तोवर रावजीच्या रानाचा वाफसा, पेरणीजोगी ओल, उडाला आणि त्याची ज्वारी विरळ आली. "पुढल्या साली बघतोच मी," असे रावजी चावडीच्या ओट्यावर चारचौघांत म्हणाला होता. घोंगडी ओढ्याकाठच्या बाभळीत अडकलेली सापडली, तिला रक्त लागलेले होते. मग सोलापूरच्या कोर्टात तिला उभे केले. तिने पुन्हा सांगितले, वकिलाने उलटसुलट विचारले तेव्हा आणखी ठामपणे सांगितले. सांगता सांगता धुक्यातल्या त्या माणसाला रावजीचे तोंड आले. फाशीची शिक्षा झाली तेव्हा ते तोंड तिला दिवसाढवळ्या दिसत होते. विहिरीवर, दळताना, ताटातही.

आणि आता, तवा उतरवून ती उंबऱ्यात येऊन बसली, डोळे मिटून तिने तो बांध, ते धुके, ती खोळ डोळ्यांपुढे आणली. खोळीच्या आत काहीच नव्हते.

*

उन्हे वर आल्यावर आबासाहेब पाटील घोड्यावरून आले, मागून चन्नवीर चालत होता. पाटलांनी घोडे अंगणाबाहेरच थांबवले. बाईमाणसाच्या दारात ते कधी उतरत नसत.

"पार्वतम्मा, रावजी काल सांजंच्या गाडीनं आलाय. दोनी घरांला सांगत फिरतोय मी. तंटा नको."

"मी कशाला तंटा करू?" ती म्हणाली.

"तू न्हाय गं. पर गावात तोंडं लई." पाटलांनी लगाम दुसऱ्या हातात घेतला. काहीतरी सांगून टाकायचे आणि निघायचे, असा त्यांचा चेहरा होता. "मुंबैच्या कोर्टाच्या सायबांनी त्येला सोडलं. घोंगडी माळ्यावरची, कुनीबी पांघरावी अशी. रक्त कुनाचं ते कागदावर न्हाय. आनि पयल्या वर्दीत रावजीचं नाव न्हाय."

"ती वर्दी तर तुमीच ल्हिवली," चन्नवीर म्हणाला.

"मीच ल्हिवली. ती जे बोलली ते ल्हिवलं." पाटलांनी घोड्याची आयाळ सारखी केली. "सायेब म्हनत्यात, बाईनं घोंगडी बघितली, मानूस न्हाय."

अंगणात कोंबडी माती उकरत होती. 

"म्हंजे त्यानं केलं न्हाय, असं हाय का?" पार्वतम्माने विचारले.

"तसं न्हाय ल्हिवलेलं. केलं असंबी न्हाय. संशयाचा फायदा म्हनत्यात त्येला."

"फायदा," चन्नवीर म्हणाला आणि बाजूला थुंकला. "मानूस आमचा गेला, फायदा त्येचा."

पाटलांनी घोडे वळवले. जाता जाता ते म्हणाले, "वाफसा आलाय. रानाचं काय ते बघा."

पाटील गेल्यावर चन्नवीर ओट्यावर टेकला. तो शिवलिंगप्पाहून धाकटा; पण अंगाने तोच रुंदावा, चालताना उजवा खांदा किंचित खाली घालायची तीच घराण्यातली ढब. पार्वतम्मा त्याला ताकाचा तांब्या देताना त्याच्या खांद्याकडे बघायचे टाळीत असे.

"वैनी, उद्या बैल न्ह्यायला येतो," तो म्हणाला. "माजी बैलजोडी हाय, तुमचं रान मी पेरतो. बसव्या माज्या मोटंला लागंल. तुमी पोटाला खावा आनि निवांत बसा."

"आनि रान?"

"रान कुटं जातंय? जो पेरंल तो राखंल की." तांब्या खाली ठेवून तो हसला. "आपल्यातच हाय न्हवं?"

त्याचा आवाज मायेचा होता. म्हणूनच तिला नाही म्हणता आले नाही. गावात ज्याचे त्याचे औत ठरलेले होते. एका बैलाच्या बाईला कोणी सावडीत घेणार नव्हते. आणि दुसऱ्याच्या औताने एकदा पेरलेले रान दुसऱ्या वर्षी कोणाचे म्हणून ओळखले जाते, हे तिने दोन विधवांच्या बाबतीत पाहिले होते. त्यांतली एक आता आपल्याच रानात खुरपायला मजुरीने जात होती.

*

धुणे घेऊन ती ओढ्यावर गेली तेव्हा बजाबाई आधीच तिथे होती. पाण्याला लागून चांगला दगड एकच होता, आणि त्यावर बजाबाई एक जाडीभरडी बंडी आपटत होती. पार्वतम्मा मागे वळली.

"बस की," बजाबाई न बघता म्हणाली. "वढा काय माज्या बापाचा हाय?"

पार्वतम्मा खालच्या अंगाला, चिखलात बसली. बजाबाईने पिळलेली बंडी झटकली, तिचे थेंब पार्वतम्माच्या अंगावर उडाले. मुद्दाम उडवले की उडाले, ते कळण्यासारखे नव्हते.

"ही धुऊन काय करू म्या," बजाबाई बोलत राहिली. "गळ्यापाशी काई सोसतच न्हाय त्येला. बटन लावू देत न्हाय. फेट्याचा शेव मानंला लागला तर दचकून उटतुया. आज पाटंचं बैलाला जुंपायला गेला, हातात जुपनीचा दोर घिऊन निस्ता उबा ऱ्हायला. मला वाटलं, बैलानं मारलं का काय. मग माळ मीच घातली कवड्याला. म्हनलं, घरात औत हाय हे तरी त्येच्या कानाला कळू दे."

ओढ्याचे पाणी गढूळ होते. पार्वतम्माने लुगडे बुडवले, तसेच वर काढले.

"त्या रात्री त्यो घरात व्हता," बजाबाई म्हणाली. "माज्या अंगाला अंग लागून. ह्ये म्या कोर्टात सांगितलं. वकील हसला. बायकूचं कोन ऐकतंय? तुजं ऐकलं."

"बजाबाई, म्या..."

"तू बोलू नगंस. तुजं बोलून झालंय."

तिने धुण्याची मोट बांधून डोक्यावर घेतली, चार पावले चढली, आणि थांबून म्हणाली, "दगड मोकळा झालाय. चिखलात कशाला बसलीस?"

*

दुपारी ती रानात गेली. कोपऱ्यात, बोरीखाली, शिवलिंगप्पाला समाधी दिलेली होती. पावसाने तिची माती बसली होती आणि कडेने हरळी फुटली होती. तिने हरळी उपटली. मग रानाच्या मध्यावर येऊन मातीत कोपरापर्यंत हात घातला, मूठ काढली आणि दाबली. मातीचा लाडू झाला. अंगठ्याने ढकलल्यावर तो फुटला. हाच वाफसा. अशी माती उद्या, फार तर परवा. मग ऊन पडले की वर खपली धरणार आणि आत घातलेला दाणा वर यायचा नाही.

बांधापलीकडे रावजीचे रानही तसेच काळे, ओले, मोकळे पडले होते.

पाऊस भुरभुरू लागला. तिने पदर डोक्यावर घेतला. समोरचे झाड पुसट झाले, मग बांध पुसट झाला. आणि तिला तो दिसला: डोक्यावरून खोळ घेतलेला एक माणूस, बांधावरून, ओढ्याच्या दिशेने, तिच्याकडे पाठ करून चाललेला. तीच जागा. माळ्याचे खांब अजून उभे होते, त्यांना वळसा घालून तो पुढे गेला. तोच अंगाचा रुंदावा, तेच पाऊल.  कोर्टात बोट दाखवले तेव्हा जसा आतून शब्द आला होता तसाच तो आला, शंकेला जागा न ठेवता.

"रावजी," तिने हाक मारली.

माणूस थांबला. वळला. खोळ मागे सारली.

"रावजी?" चन्नवीर म्हणाला. "वैनी, मी हाय की. डोळ्याला काय झालं?" तो हसला, हसता हसता त्याचे तोंड तसेच राहिले आणि हसू निघून गेले. ती त्याच्याकडे बघत होती, तो तिच्याकडे. पाऊस दोघांच्या मध्ये पडत होता.

"भुरभुरीत दिसत न्हाय नीट," तो म्हणाला. "वढ्याला पानी किती चडलंय बघायला निगालो व्हतो." त्याने घोंगडी खांद्यावरून काढली आणि काखेत घडी करून धरली, जणू ती अंगावर असणे बरे नव्हते. "बैल न्ह्यायला सकाळी येतो."

 तो बांधावरून गेला तोच रस्ता ती बराच वेळ बघत राहिली. चन्नवीरने केले, असे तिला वाटले नाही. तसे वाटले असते तर सोपे झाले असते; खोळीतले एक तोंड काढून दुसरे बसवायचे आणि पुन्हा झोपी जायचे. पण तिला आता हेही दिसत होते, की तिच्यापुढून पाठ करून चाललेल्या कोणत्याही रुंद माणसाला ती त्या पहाटे रावजी म्हणाली असती. आणि तो माणूस फासावर गेला असता. किंवा तो रावजीच होता, आणि उद्या-परवा तो बांधापलीकडे आपले रान बघत उभा राहील. दोन्हींतले काय खरे, ते सांगणारा समाधीत बसला होता.

घरी येऊन तिने भिंतीवरचे चाडे खाली काढले. तिफणीवर बसवायचे, बी सोडायचे ते लाकडी चाडे तिच्याकडेच असे. हात सम म्हणून दोन्ही रानांत बी तीच सोडायची. त्याच्या भोकांत कोळ्यांनी जाळी केली होती. तिने काडीने ती काढली आणि चाडे तेलाच्या बोटाने पुसून दाराशी ठेवले.

*

सकाळी चन्नवीर येण्याआधी तिने बसव्याचे दावे सोडले. बैलाला वाट सांगावी लागली नाही. चाडे काखेत घेऊन ती त्याच्या मागून चालली, उलटेच. एरवी बैल माणसाच्या मागे येतो.

रावजी आपल्या रानाच्या कडेला, धुऱ्यावर, तिफणीशेजारी उकिडवा बसला होता. डोक्यावरचे केस खुंटासारखे वाढत होते. घोट्यांभोवती कातडी काळी पडून बांगडीसारखी उठली होती. बंडीचे बंद मोकळे होते. बसव्याला पाहून तो उठला, मग त्याच्यामागे पार्वतम्माला पाहून एक पाऊल मागे सरला.

बैलांनी एकमेकांची तोंडे हुंगली. कवड्याने जीभ काढून बसव्याचा कान चाटला, आणि बसव्या आपणहून वळून जुवाच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला.

"अक्का," रावजी म्हणाला. आवाज बसलेला होता. 

"आदी तुमचं रान," पार्वतम्मा म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. "वाफसा दोन दिस टिकल असं न्हाय. तुमचं वाळंल."

"वाळंल तर वाळंल. गेल्या साली तुमचं वाळलं."

ज्यावरून गेल्या साली त्याचे शिवलिंगप्पाशी वाजले होते, ते असे चार शब्दांत त्याच्या पायाशी येऊन पडले. रावजीचे ओठ हलले. "त्या रात्री म्या..."

"नगा सांगू." ती जमिनीकडे बघत होती. "तुमी न्हाय म्हनाल. आनि ते खरं का खोटं, मला ठावं न्हाय. म्या कुनाचं तोंडच बघितलं न्हाय, रावजी. औत धरा."

बजाबाई बियाण्याची ओटी बांधून घरातून आली होती. बसव्याला जुवाखाली पाहून ती थबकली.  तिने बैलाकडे, मग पार्वतम्माकडे, मग पुन्हा बैलाकडे पाहिले.

रावजीने जू उचलून बैलांच्या मानेवर ठेवले. जुवाच्या भोकांत शिवळा घातल्या. मग जुपणी हातात घेतली. तो दोर बैलाच्या गळ्याखालून नेऊन पलीकडच्या शिवळेला अडकवायचा, एवढेच काम होते. जन्मभर त्याने ते न बघता केले होते. त्याचा हात कवड्याच्या गळ्याखाली गेला आणि तिथेच थांबला. दोराला वळसा पडला होता, तो लोंबत होता. रावजी त्याच्याकडे बघत होता. मोकळ्या बंडीतून गळ्याची गाठ वर चढून खाली उतरताना दिसली.

पार्वतम्माने चाडे खाली ठेवले. पुढे होऊन तिने त्याच्या बोटांतून जुपणी घेतली. बोटे सुटायला थोडा वेळ लागला. कवड्याच्या गळ्याखालून दोर नेला, पलीकडे अडकवला, आणि दोर व कातडी यांच्यामध्ये आपली बोटे घालून पाहिली. मग बसव्याचाही दोर तसाच बांधला, तशीच बोटे घालून पाहिली.

"सैल हाय," ती म्हणाली. "काचायची न्हाय."

रावजीने मान हलवली आणि कासरा हातात घेतला. पार्वतम्माने चाडे तिफणीवर बसवले.

पहिली मूठ सवाष्णीने सोडायची असते. बजाबाईने तिफणीला हळदकुंकू लावले, चाड्यात मूठभर ज्वारी सोडली, बैल दोन पावले चालले. मग ती थांबली. कमरेची ओटी सोडून तिने हातात धरली आणि थोडा वेळ धरून ठेवली. नंतर पुढे येऊन ती स्वतःच्या हाताने पार्वतम्माच्या कमरेला बांधली, गाठ मारली आणि ओढून पाहिली.

"सम हातानं सोड," बजाबाई म्हणाली. "गेल्या साली धुऱ्याकडंला दाट पडलं व्हतं."

बांधावर चन्नवीर उभा होता. बैल न्यायला आला असावा. त्याच्या हातात दोर होता. तो किती वेळ उभा राहिला आणि केव्हा गेला, ते कोणी पाहिले नाही.

तिफण चालू लागली. तिचे दात काळ्या मातीत उतरले, दोन्ही बैलांची खुरे एका तालात पडू लागली, आणि घुंगूरमाळेचा आवाज रानाच्या दुसऱ्या टोकाकडे निघाला. रावजी कासरा धरून पुढे चालला होता, पार्वतम्मा तिफणीमागून. रुंद, किंचित वाकलेली ती पाठ तिच्यापुढे होती आणि दिवस मावळेपर्यंत तिच्यापुढेच राहणार होती. पहिला तासभर तिने त्या पाठीकडे पाहिले. ओळख पटली नाही, अनोळखही वाटली नाही. मग पुढच्या फेरीला, धुऱ्याशी वळताना, तिने नजर खाली आणली आणि मुठीतून सुटणाऱ्या दाण्यांवर ठेवली. दाट नाही, विरळ नाही, धुऱ्याकडेलाही सम.